चित्रात नसलेली मेंढरं

सत्यशीलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या घाबरलेल्या होत्या, आणि परवा हिंगोलीला त्यांच्या सातव्या पुस्तकाच्या कार्यक्रमात पाहिलं तेव्हाही घाबरलेल्याच होत्या. मधल्या पंधरा वर्षांत त्यांनी मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढली, आमच्या भागातल्या मेंढरंवाल्यांचा इतिहास म्हाताऱ्यांच्या तोंडून गोळा केला, कॉलेजातले प्राध्यापक त्यांच्या घरी येऊन चहा पिऊन विचारून गेले. भीती मात्र जिथल्या तिथे. मोठी कामं धीट माणसंच करतात असं लोक म्हणतात. त्यांनी आमच्या बाई पाहिलेल्या नाहीत.

मी साधना. कुरुंद्याची, हळद पिकवणाऱ्या घरातली, तोंडाने फटकळ. ब्याण्णव साली माझी बदली पिंपळटेकला झाली. डोंगरकड्याहून आत, टेकड्यांमधली ही वाडी. बहुतेक घरं मेंढ्या-बकऱ्या राखणारी, जोडीला थोडी कोरडवाहू शेती. शाळा दोन खोल्यांची. त्यात मुख्याध्यापक, मी आणि सत्यशीलाबाई. बाई याच वाडीची सून. माहेरही मेंढरंवाल्यांचंच. लहानपणी कळपामागे फिरल्या, मामाने धरून शाळेत बसवलं म्हणून शिकल्या, मास्तरीण झाल्या आणि बालाजीशी लग्न होऊन इथे आल्या.

त्या कुत्र्याला भ्यायच्या, तपासणीला येणाऱ्या साहेबांना भ्यायच्या, एसटी जोरात वळली की डोळे मिटून घ्यायच्या. पोस्टमन दारात दिसला की कुणाचं तरी काहीतरी झालं म्हणून पांढऱ्याफटक पडायच्या. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे आमच्याकडेही भांडी वाजली. सगळी वाडी थोड्या दिवसांत घरात झोपायला लागली, बाई मात्र दिवाळीपर्यंत अंगणात. मी त्यांना तोंडावर भित्री भागूबाई म्हणायचे. त्या रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, "साधनाबाई, भिणाऱ्या माणसाला सगळीकडे बघावं लागतं हो."

ते खरं होतं. बाई सगळीकडे बघायच्या, आणि पाहिलेलं त्यांच्या हातातून जसंच्या तसं कागदावर उतरायचं.

पुस्तकांची सुरुवात एका मेंढीवरून झाली. शाळेत आलेल्या एका चित्रात मेंढी म्हणजे पांढराशुभ्र कापसाचा गोळा होता. मेंढरांत जन्मलेल्या आमच्या पोरांनी विचारलं, "बाई, हे कोन जनावर हाय?" बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आपली मेंढी काढली. काळी, हडकुळ्या पायांची, नाकाला बाक असलेली. पोरं खदाखदा हसली आणि त्या मेंढीचं नाव, मालक, सगळं सांगायला लागली. मग बाईंनी लोकर कातरण्यावर एक पुस्तकच केलं. हिंगोलीला पुनमचंद शेटचा छापखाना होता; लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "बाई, मेंढी काली कायको? लेकरांना सुंदर दिसली पाहिजे ना." बाई भीतभीत म्हणाल्या, "काळीच असते, शेट." त्याने काळीच छापली.

पुढे पोरं म्हणायला लागली, आमच्या आज्याची गोष्ट काढा. आज्यांच्या गोष्टी म्हटलं की आमच्या भागात सगळ्या वाटा रझाकारीच्या दिवसांपाशी येऊन थांबतात. बाई म्हाताऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागल्या. मी एकदोनदा बरोबर गेले. प्रश्न विचारताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा की म्हाताऱ्याला ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि एकदा पुढे वाकलेला म्हातारा मग बोलतच सुटायचा.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा. रझाकारांचे घोडेस्वार येतायत अशी खबर आली आणि वाडीने आपले सगळे कळप टेकडीमागच्या घळीत उतरवले. घळ वरून दिसत नाही. झुडपं तोंडाशी येऊन मिटलेली. बाया, लेकरं, मेंढरं सगळी आत. तरीही घोडेस्वार सरळ तिथेच आले. तिघं जण त्यांना आडवे गेले, तिघंही मारले गेले. मेंढरं हाकलून नेली ती पुन्हा कुणी पाहिली नाहीत. हे सांगताना प्रत्येक म्हातारा एका जागी येऊन थांबायचा. "कुनीतरी दावलं त्येंला," म्हणायचा आणि बाईंकडे बघून गप्प व्हायचा. बाईंना वाटायचं, दुःखानं बोलवत नसेल.

बाईंनी त्यावर पुस्तक केलं. नाव ठेवलं 'घळीतलं कोकरू'. कुणी दाखवलं हा भाग त्यांनी घेतलाच नाही. लेकरांना काय करायचंय, आणि त्यांना स्वतःलाही तिथे हात घालायची भीती होती. गोष्ट होती घळीतून एकटंच परत आलेल्या एका कोकराची. मधल्या दोन पानांवर मात्र मोठं चित्र होतं: मेंढरं हाकलून नेतायत. आणि त्या मेंढरांच्या कानांवर खुणा होत्या.

ही खूण म्हणजे काय ते मला पिंपळटेकला आल्यावर कळलं. इथे प्रत्येक घर आपल्या मेंढराचा कान आपल्या रीतीने कातरतं. कुणाचं टोक सरळ कापलेलं, कुणाची वरून एक कोर काढलेली, कुणाचं मधोमध भोक. दहा कळप एकत्र मिसळले तरी लहान पोरगंसुद्धा कान बघून सांगतं की हे अमक्याचं. अक्षर न येणाऱ्या माणसाला इथे कान वाचता येतो. बाई घरोघर गेल्या, त्या दिवशी कुणाची मेंढरं गेली ते विचारलं, खूण कशी होती ते बोटाने जमिनीवर काढून घेतलं, आणि प्रत्येक घराची मेंढरं चित्रात घातली. मेलेल्यांचं नाव पुस्तकात नव्हतं, पण त्यांच्या मेंढरांचे कान होते. मला ती कल्पना फार आवडली होती, हे मान्य करते.

एक घर मात्र राहिलं. त्यांचं स्वतःचं.

त्याचं कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. बाईंचा नियम होता, ज्याने तोंडाने सांगितलं तेच काढायचं. घरात सांगणारे एकच, सासरे उकंडराव. सत्तरीला टेकलेले, दिवसभर बकऱ्यांच्या वाड्यापाशी बाजेवर बसलेले. त्या घरात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. चहा उंबऱ्याशी ठेवायचा, पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि काय सांगायचं ते नवऱ्याच्या किंवा सासूच्या तोंडून. सासू वारलेली. बालाजीला विचारायला सांगितलं तर तो म्हणाला, "आबा त्या दिसाचं बोलत न्हाईत. काहून उकरून राहिलीस?" झालं. बाईंनी विचार केला, आपल्या घराची खूण न विचारता घातली तर वाडी म्हणेल, मास्तरीणबाईनं सरकारी पगार खाऊन आपलंच घर पुढे केलं. या भीतीपोटी त्यांनी आपल्या घरची मेंढरं चित्रातून वगळली. अठरा वर्षं सासऱ्याच्या ताटात भाकरी वाढणाऱ्या बाईनं त्यांना एक प्रश्न विचारला नाही, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाचं चित्र छापून आणलं.

अठ्ठ्याण्णव साल. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाल्याला पन्नास वर्षं पुरी होणार होती. शाळेत झेंडावंदन, तालुक्याचे साहेब प्रमुख पाहुणे, आणि त्यांच्या हस्ते पुस्तकाचं प्रकाशन, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. चार-पाच दिवस आधी गठ्ठे आले. पहिली प्रत घेऊन बाई भिकाबाईंकडे गेल्या, मीही बरोबर होते. भिकाबाईंचा नवरा लखमा त्या तिघांतला एक. त्या वेळी त्या विशीच्या आतल्या, कडेवर लेकरू. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांची मेंढरं राखली.

भिकाबाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं. मधलं पान उघडलं आणि बोट कानांवरून फिरवायला लागल्या. "ह्यो आमचा. ह्यो नामाजीच्या घरचा. ह्यो प्रभूच्या आज्याचा." बोट सगळ्या चित्रावरून फिरलं, परत मागे आलं.

"तुज्या घरची खूण न्हाई ह्याच्यात," त्या म्हणाल्या.

"मीच नाही काढली, मावशी. आपलंच घर कशाला पुढं करायचं."

भिकाबाईंनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "बराबर काढलंस. त्या दिशी घळीत तुमची मेंढरं नव्हतीच."

एवढंच. आम्ही रस्त्याला लागलो आणि बाई मधेच थांबल्या. माझ्या आधी त्यांना कळलं. सगळी वाडी घळीत, एकच घर बाहेर. कुणीतरी दाखवलं. आणि इतकी वर्षं म्हातारी माणसं त्यांच्यासमोर त्या जागी येऊन गप्प होत होती ती दुःखाने नव्हे, उकंडरावांची सून समोर बसली होती म्हणून.

"साधनाबाई," त्या म्हणाल्या, "मी काय केलं हे?"

मी त्यांना हाताला धरून शाळेत आणलं. माझा स्वभाव उतावळा. मी म्हटलं, काळं पेन घ्या, प्रत्येक पुस्तकात एक मेंढरू घाला, तुमच्या घरच्या कानाचं. कोण बघतंय? त्यांनी खरंच पेन घेतलं. पहिलं पुस्तक उघडलं, वाकल्या, पण पेन कागदाला टेकवलंच नाही. मला वाटलं, खोटं काढवत नाहीये. त्यांनीच खरं सांगितलं, "मी काढलं असतं हो. पण भिकामावशीनं बघितलंय. आता काढलं तर ती म्हणेल, हिला सगळं ठाऊक होतं आणि हिनं झाकलं." त्यांच्या पाचावर धारण बसली होती. न काढलं तर सासऱ्याला गावासमोर उघडं पाडायचं, काढलं तर मेलेल्या माणसांशी खोटं बोलायचं. दोन्हीकडून भीतीच.

आम्ही पेन घेऊन बसलो असतानाच बाहेर गलका झाला. मुख्याध्यापकांनी उत्साहाच्या भरात दुसरा गठ्ठा फोडून पोरांना एकेक पुस्तक घरी न्यायला दिलं होतं. पोरं पुस्तकं डोक्यावर धरून पळत चालली होती. बाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. थांबवा, असंही त्यांच्या तोंडून निघेना.

दुसऱ्या दिवशीपासून वाडीत काहीतरी बदललं. कुणी काही बोललं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते, पण कुणी बोलतच नव्हतं. बाई हापशावर गेल्या की बाया घागरी उचलून वाट करून द्यायच्या, जरा जास्तच आदराने. ओट्यावरची म्हातारी माणसं पुस्तक बाजूला सरकवायची. बालाजी शाळेत येऊन मला म्हणाला, "मॅडम, लोकं काहून असं बघून राहिलेत आमच्याकडं? काय लिवलं हिनं?" मी म्हटलं, लिहिलेलं वाचा, त्यात काही नाही. लिहिलेल्यात खरंच काही नव्हतं.

आणि घरात उकंडराव. शेजारचं पोरगं आपलं पुस्तक त्यांच्या बाजेवर विसरलं. बाईंनी ओसरीतून पाहिलं, म्हातारा पुस्तक डोळ्यांशी धरून बसला होता, मधलं पान उघडून. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळीही ताट तसंच परत आलं. बाईंना आता नवीनच भीती लागली, म्हातारा जिवाचं काही करून घेईल. ते विहिरीकडे गेले की बाई खिडकीशी, शेतात गेले की दारात. शाळेत आल्या तरी कान घराकडे. मी म्हटलं, अहो, मग सरळ विचारा ना त्यांना. त्या म्हणाल्या, "दोनदा गेले. चहा ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता विचारावं. पण त्यांच्या डोळ्यांत माझ्यापेक्षा जास्त भीती होती. मी परत आले."

सतरा तारखेला सकाळी झेंडा झाला. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. सगळी वाडी शाळेच्या पटांगणात. पुढे पोरं, मागे बाया, कडेने पुरुष. उकंडराव भिंतीला टेकून काठीवर हात ठेवून बसले होते. ते येणार नाहीत असं बाईंना वाटलं होतं. त्यांना पाहून बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

साहेबांनी भाषण केलं, पुस्तकाचा कागद फोडला, फोटो निघाला. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की भिकाबाई त्या दिवसाच्या साक्षीदार आहेत. साहेब मोठ्या मनाने म्हणाले, आजींनी दोन शब्द बोलावेत. भिकाबाईंना खुर्ची दिली. त्यांना भाषण कुठलं येणार? त्यांनी मांडीवर पुस्तक उघडलं आणि मागे केलं होतं तेच करायला लागल्या. बोट एकेका कानावर ठेवून घरं सांगायची. "ह्यो आमच्या मालकाचा. ह्यो नामाजीच्या घरचा." प्रत्येक नावाला पटांगणात त्या घरची माणसं मान खाली घालायची. साहेबांना काही कळत नव्हतं, ते हसऱ्या चेहऱ्याने बघत होते.

शेवटच्या कानावर बोट थांबलं. भिकाबाईंनी मान वर केली नाही. सगळे पुढच्या नावाची वाट बघत होते आणि पुढचं नाव चित्रात नव्हतं.

भिंतीपाशी काठी वाजली. उकंडराव उभे राहिले. आवाज फाटलेला होता.

"आमची न्हाई गेली," ते म्हणाले. "त्या दिशी आमची मेंढरं न्हाई गेली. काहून न्हाई गेली, इचारा मला."

कुणी विचारलं नाही. पन्नास वर्षं ज्यांच्या पोटात तो प्रश्न होता ती माणसं समोर बसली होती, आणि एकही जण तोंड उघडेना. मी बघत होते. माणसं जमिनीकडे बघत होती. बालाजी तर भिंतीकडे तोंड करून उभा. म्हातारा काठीवर डुगडुगत होता. "इचारा की," तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी ती विनवणी होती. मला वाटलं, आता कुणीच विचारलं नाही तर हा माणूस इथेच कोसळेल.

माझा हात सुटला. सत्यशीलाबाई पुढे गेल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो त्यांनी सावरला नाही. एका पोराच्या पाटीवर त्या अडखळल्या. सासऱ्यापासून दोन हातांवर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याकडे सरळ बघून, त्या त्यांच्या खालच्या आवाजात, म्हणाल्या,

"काहून, मामंजी?"

उकंडरावांनी सांगितलं. बाप तापाने फणफणलेला, म्हणून त्यांची मेंढरं घळीत उतरवायची राहिली होती. हे अठराएक वर्षांचे, कळप घेऊन ओढ्याच्या अंगाने निघाले आणि घोडेस्वारांच्या हातात सापडले. बंदुकीची नळी गळ्याला लावून त्यांनी विचारलं, बाकीची मेंढरं कुठं? सांग आणि तुझी घेऊन जा. "म्या हात केला," ते म्हणाले. "नुस्ता हात केला घळीकडं. मला वाटलं मेंढरं नेतील. मान्सं मारतील असं न्हवतं वाटलं." त्यांनी तो हात आताही पुढे केला होता, टेकडीच्या दिशेने, आणि खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

मग भिकाबाई बोलल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"मला ठावं व्हतं, भावजी. लई वर्सांपास्नं. तुमी रोज माज्या दारावरनं मेंढरं घेऊन जायचे. एक डाव थांबला असता तर काय झालं असतं?"

"भ्या वाटायचं, वैनी."

"आन् मला?" भिकाबाई म्हणाल्या. "कडेवर लेकरू घिऊन, मला न्हवतं वाटत?"

उकंडराव होते तिथेच खाली बसले, पटांगणाच्या मातीत. साहेबांची जीप कधी गेली ते माझ्या लक्षात नाही. माणसं एकेक करून उठली. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही, आणि कुणी म्हाताऱ्याला उठवायलाही गेलं नाही. बालाजीसुद्धा नाही. भिकाबाई पुस्तक काखेत घेऊन घरी गेल्या. म्हाताऱ्याभोवतीची जागा रिकामी होत गेली.

तेव्हा सत्यशीलाबाई जाऊन त्यांच्याशेजारी बसल्या. सून सासऱ्याला लागून, उघड्या डोक्याने, दिवसाढवळ्या. जाणारी माणसं वळून बघत होती. त्या उठल्या नाहीत.

मी नंतर त्यांना विचारलं, "भीती नाही वाटली हो तुम्हाला?"

"लई वाटली," त्या म्हणाल्या. "पण ते एकटेच बसले होते."